बोरांची लूट

पाटावर दीड वर्षाचं बाळ बसलेलं. अंगात काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचाच मुकुट, आणि त्या मुकुटातला एक दाणा उपटून तोंडात घालायची त्याची खटपट चाललेली. आई औक्षण करते, आत्या वाटी उचलून त्याच्या डोक्यावर हलकेच उपडी करते. टपटप आवाज होतो. बाळ दचकतं, मग हसतं किंवा भोकाड पसरतं; पण तिकडे बघायला कुणाला वेळ नसतो. भोवती दबा धरून बसलेली सोसायटीतली दहा-बारा पोरं तोवर सतरंजीवर तुटून पडलेली असतात. अर्ध्या मिनिटात लूट संपते. चॉकलेटं, गोळ्या, बिस्किटांचे छोटे पुडे सगळं गायब. सतरंजीवर उरतात ती बोरं, हरभऱ्याचे घाटे आणि उसाचे करवे. आजी ते सुपात गोळा करते आणि टाकवत नाही म्हणून आत नेऊन ठेवते.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या बोरन्हाणात आजीला सूप लागतच नसे. उरायचंच नाही काही.

बोरन्हाण हा संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही सोयीच्या दिवशी करायचा घरगुती सोहळा. कुठे त्याला नुसतंच 'लूट' म्हणतात, कुठे 'बोरलूट'. मुलाच्या पहिल्या संक्रांतीला तर करायचाच, पुढे पाच वर्षांचं होईपर्यंत हौसेने करत राहायचा. डोक्यावरून ओतायच्या सामानात बोरं मुख्य. त्यांच्या जोडीला उसाचे तुकडे, ओल्या हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, बत्तासे, तिळाच्या रेवड्या, हलवा. कुणी सांगतं की करी नावाच्या राक्षसाची दृष्ट लागू नये म्हणून हे करतात. कुणी सांगतं की ऋतू पालटताना बाळाला बाधू नये म्हणून. राक्षसाचं काय असेल ते असो. सोहळा नीट पाहिला तर एक गंमत लक्षात येते. पाटावरच्या बाळाला यातलं जवळजवळ काहीच खाता येत नाही, आणि खाऊ देऊही नये; शेंगदाणा, हरभरा, बोराची बी एवढ्याशा घशात अडकली तर जिवावर बेतायचं. बाळ निमित्तमात्र. खरा कार्यक्रम असतो तो आजूबाजूच्या तीन ते दहा वर्षांच्या पोरांचा, आणि त्यांना कुणीही 'खा' म्हणत नाही. उलट 'अरे, जरा दमाने! धक्काबुक्की नको!' असं ओरडावं लागतं.

मुलांनी फळं आणि भाज्या खाव्यात म्हणून आज घरोघर जो आटापिटा चालतो, पराठ्यात पालक लपव, गाजराचे तारे काप, एका घासाला एक कार्टून, तो पाहिला की या जुन्या लुटीकडे पुन्हा एकदा बघावंसं वाटतं.

बोर हे या भूमीचं फार जुनं फळ आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून पुढे अनेक हंगाम उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली ती शेतकऱ्यांची वस्ती. जव, गहू, मसूर, कुळीथ या धान्याकडधान्यांबरोबर तिथे बोराच्या बियाही सापडल्या. तिथल्या घरांच्या जमिनीखाली मातीच्या दोन कुंभांची तोंडं जोडून त्यात पुरलेली लहान मुलं निघाली, आणि त्यांची संख्या बरीच आहे. मुलं जगवणं किती अवघड होतं, हे त्या कुंभांवरून कळतं. आणि गावाभोवतीच्या काटेरी झुडपांवरची बोरं तेव्हाही माणसाच्या तोंडी होती, हे बियांवरून.

यजुर्वेदाच्या संहितांत बोरांचे तीन प्रकार वेगवेगळ्या नावांनी येतात: कुवल, बदर आणि कर्कंधू. एकाच फळाला तीन नावं देणारे लोक ते फळ जवळून ओळखत असणार. बोरी, बोरगाव, बोरखेडी अशी गावं तर महाराष्ट्रात जागोजाग आहेत. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज ग्रंथातही बोर आहे. लेखक गार्सिया द ओर्ता हा वैद्य. मुंबईचं बेट काही काळ याच गृहस्थाकडे खंडाने होतं. भारतातल्या औषधी आणि फळांवर त्याने संवादरूपात जे पुस्तक लिहिलं, त्यातल्या एका प्रकरणात बोर आणि कोकम शेजारी शेजारी येतात. गोव्यातले पोर्तुगीज बोराला त्यांच्या भाषेतल्या सफरचंदाच्या नावाने हाक मारत. घरची आठवण आली की माणूस काय काय करतो!

मुलाच्या तोंडी पहिल्यांदा काय घालायचं, यावर जुन्या वैद्यांनीही विचार केला होता. आपल्याकडे उष्टावण म्हटलं की चांदीची वाटी, तांदळाची खीर आणि मामा. गृह्यसूत्रांतही सहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगितलंय. पण बालरोगांवरचा आयुर्वेदातला जो मुख्य ग्रंथ, काश्यपसंहिता, तो वेगळं सांगतो. सहाव्या महिन्यात फलप्राशन, म्हणजे आधी फळं. अन्नाची पाळी थेट दहाव्या महिन्यात. हा ग्रंथ शतकानुशतकं हरवल्यासारखाच होता. नेपाळात राजगुरू हेमराज शर्मा यांच्या संग्रहात त्याची खंडित ताडपत्री पोथी होती, आणि ती १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात यादवजी त्रिकमजी आचार्यांच्या हातून ग्रंथरूपात बाहेर आली. तोवर घराघरांतल्या खिरीने आपली जागा इतकी पक्की केली होती की फलप्राशन पोथीतच राहिलं. सोनेरी काठाच्या निमंत्रणपत्रिका छापून उष्टावण करणाऱ्यांपैकी एखाद्याने खिरीआधी कुस्करलेल्या केळ्याचं बोट बाळाला चाटवलं, तर ते शास्त्राला धरूनच होईल.

परंपरेची खरी हुशारी मात्र पोथीत नव्हती. ती होती मनाईत.

तुळशीचं लग्न लागेपर्यंत बोर, आवळा, चिंच तोंडात घालायची नाही, असा दंडक कितीतरी घरांत होता. कार्तिकातल्या द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत केव्हातरी तुळशीचं लग्न लागतं. वृंदावनात ऊस उभा करतात, मुळाशी बोरं, आवळे, चिंचा ठेवतात, आणि मग मुलांना रान मोकळं. त्याआधीची बोरं हिरवी, तुरट, घसा धरणारी. झाडावर ती पिकू द्यायची असतील तर पोरांच्या आणि झाडाच्या मधे देवाला उभं करणं हा सगळ्यांत स्वस्त पहारा. बंगालात तर हीच युक्ती थेट विद्येच्या देवतेवर सोपवली आहे: सरस्वतीपूजेआधी बोर खाल्लं तर परीक्षेत गटांगळ्या, अशी तिथल्या शाळकरी मुलांना धास्ती. वांग्याचंही तसंच. चातुर्मासात वांगं वर्ज्य, ते चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत होऊन ताटात परत येई. चार महिने न दिसलेलं वांगं आणि बारा महिने फ्रिजमध्ये पडलेलं वांगं, यांची चव एक कशी लागेल? अक्षय्यतृतीयेआधी आंबा नाही, हेही त्याच माळेतलं. मोठ्यांनी 'नको' म्हणायचं, मुलांनी दिवस मोजायचे.

आणि मनाई मोडायची, हेही आलंच. दुपारी सगळे लवंडले की मागच्या दाराने पसार होऊन कुंपणावरच्या बोरीला दगड मारणं हा अलिखित अभ्यासक्रमच होता. बोरीचे काटे वाकडे. शर्टाची बाही अडकली की फाटणार. घरी आल्यावर बाही चुगली करायची.

भाजीची गोष्ट फळाइतकी सोपी नव्हती. फळ लुटता येतं, भाजी कोण लुटणार? तिच्यासाठी दुसरी तऱ्हा होती. वर्षातून ठरावीक दिवशी एकाच भाजीत सगळं घालायचं आणि तिला सणाचं नाव द्यायचं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोण्याचा गोळा आणि भोगीची भाजी. या भाजीत हरभऱ्याचे सोलाणे, पावट्याचे दाणे, वालपापडी, घेवडा, गाजर, छोटी वांगी, ओले शेंगदाणे, तिळाचं कूट; काही घरांत बोरं आणि उसाचे दोन तुकडेही. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण मुलांना त्या दिवशी हमखास ऐकवली जाई. मुलं भाजीवर खूश असत असं मुळीच नाही. पण भाजीत हात घातला की काय लागेल, याची उत्सुकता असे. कुणाच्या वाट्याला बोर आलं, कुणाला ऊस मिळाला, यावरून ताटावर भांडणं होत, आणि त्या भांडणात वांगंही पोटात जाई.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. कोकण-मुंबईकडे त्या दिवशी ऋषीची भाजी: बैलाच्या कष्टाचं काही घ्यायचं नाही, म्हणून परसात, कुंपणाला, वईला आलेल्या भाज्या, कंद, अळूच्या देठी, माठ, शिराळं, पडवळ, भेंडी, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे, लाल भोपळा. फोडणी नाही, मसाला नाही. मराठवाडा-विदर्भात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, आणि सोळावी भाजी मिळवण्यासाठी मंडईत दोन चकरा होतात. ऋषीच्या भाजीच्या यादीत एक मजा आहे. मका आणि लाल भोपळा ही दोन्ही पिकं अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या येण्यानंतर इकडे रुजलेली. भोगीतला शेंगदाणाही तिकडचाच. बोरन्हाणात ओतली जाणारी भुईमुगाची शेंगही. ऋषींनी ही भाजी खाल्ली होती असं श्रद्धेने सांगणाऱ्या आजीला हे सांगायची काही गरज नाही. पण रीत जिवंत असली की नवं पीक ती सहज पोटात घेते, एवढं यातून दिसतं. पेरू, पपई, सीताफळ, चिकू हेही सगळे परदेशी पाहुणे. आज त्यांना परदेशी कोण म्हणेल?

तेव्हाची मुलं भाजी मुकाट्याने खात ती संस्कारामुळे, असं सांगण्याची पद्धत आहे. त्यात अर्धं सत्य आहे. साने गुरुजींच्या १९३५ साली आलेल्या 'श्यामची आई'त 'अळणी भाजी' नावाची रात्र, म्हणजे प्रकरण, आहे. भाजीत मीठ पडलेलं नाही, वडील चकार शब्द न काढता जेवतात, मुलंही तशीच, आणि शेवटी आई पानावर बसते तेव्हा तिला कळतं. हे पुस्तक वाचून मोठ्या झालेल्या पिढ्यांनी पानातली भाजी नाकारणं हा गुन्हा मानला. उरलेलं अर्धं सत्य मात्र साधं आहे: ताटात दुसरं काही नसे. पानात वाढलेलं टाकलं तर रात्रीपर्यंत उपास. बिस्किटाचा पुडा फडताळात नव्हता, फडताळ उघडायची मुभाही नव्हती.

आणि सगळ्यांच्या ताटात भाजी होती, हाही गैरसमजच. कोरडवाहू गावांत फाल्गुनापासून जूनपर्यंत हिरवं पान दिसणं कठीण. भाकरी, चटणी, कांदा, फार तर पिठलं. बोरन्हाणाचा पाट मांडणारी घरं गावातली ठरावीक, हलव्याचे दागिने करण्याइतका वेळ आणि साखर असलेली. मजुराच्या पोराला पाट नव्हता. त्याच्यासाठी बांधावरची बोरी होती, करवंदाची जाळी होती, पावसाच्या पहिल्या सरींबरोबर आईने खुडून आणलेली टाकळ्याची, कुरडूची, चिवळीची भाजी होती. त्याला फळ मिळे, पण दूध मिळत नसे. जुना काळ आठवताना हे बाजूला ठेवलं की आठवणींना उगाच साखरेचा हलवा चढतो.

शहरात बोरांचं राज्य शाळेच्या फाटकाबाहेर होतं. एक म्हातारी, पुढ्यात गोणपाट, त्यावर लहान लहान वाटे. चण्यामण्या बोरं, म्हणजे करंगळीच्या पेरापेक्षाही लहान, आंबटगोड, गर कमी आणि बी जास्त. गाभुळलेल्या चिंचा. रायआवळे. विलायती चिंच. कैरीची फोड, पेरूची फोड, वर तिखट-मीठ भुरभुरलेलं. बोरकुटाच्या पुड्या, त्या हातावर ओतून चाटायच्या. चाराण्यात खिसा भरे, आणि भरलेल्या खिशात तो तिखट-मिठाचा लाल डाग पडे. घरी या सगळ्यावर बंदी, कारण 'बोरं खाल्ली की खोकला होतो' हे घरोघरच्या आयांचं ठाम मत. खोकला व्हायचा तो बहुधा थंडीचा. आळ बोरावर यायचा. आयांच्या या मताने बोरांचा जेवढा खप वाढवला असेल तेवढा कुठल्या जाहिरातीने वाढवला नसता.

त्याच सुमारास सरकार आणि शास्त्रज्ञ मुलांच्या ताटात डोकावू लागले होते. निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरने आहारावर प्रयोगशाळा उभारली. हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांची माणसं जे जेवतात तेच त्याने उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना खाऊ घातलं आणि वजनं केली. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट, सरासरी २३५ ग्रॅम. मग पठाणी. तिसरा नंबर मराठी जेवणाचा, २२५ ग्रॅम. सर्वांत खाली मद्रासी आहार, १५५ ग्रॅम. अख्ख्या गव्हाची पोळी, दूध-लोणी, डाळ, ताज्या भाज्या आणि फळं हे शीख जेवणाचं वैशिष्ट्य. १९३६ साली लंडनमधल्या व्याख्यानांत त्याने हे मांडलं. मराठी भाकरीला मिळालेला हा तिसरा नंबर इकडच्या वर्तमानपत्रांनी अजूनही पुरता साजरा केलेला नाही, ही खंतच म्हणायची.

कुन्नूरच्याच प्रयोगशाळेने १९३७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते काढले. पुढे ही संस्था हैदराबादला गेली, राष्ट्रीय पोषण संस्था झाली, आणि सी. गोपालन व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये काढलेले तक्ते पाठ्यपुस्तकांपासून दवाखान्याच्या भिंतींपर्यंत पोचले. त्या जुन्या तक्त्यांत शंभर ग्रॅममागे क जीवनसत्त्व पाहावं: आवळा ६०० मिलिग्रॅम, पेरू २१२, बोर ७६, आणि सफरचंद १. आजारी माणसाला भेटायला जाताना लोक सफरचंदंच नेत राहिले, तो भाग वेगळा. शेवग्याच्या पाल्यात गाजराच्या तिपटीहून अधिक कॅरोटीन, हेही त्याच तक्त्यांतलं. जीवनसत्त्व अ न मिळाल्याने मुलांची दृष्टी जात होती, म्हणून १९७० पासून पाच वर्षांखालच्या मुलांना दर सहा महिन्यांनी त्याचा मोठा डोस पाजण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. तिने अनेक डोळे वाचवले.

पण या ज्ञानाने एक उलटापालट झाली. 'पालक खा, डोळ्यांना चांगला', 'गाजर खा, रक्त वाढतं' ही भाषा घरात आली. बोर लुटीतून तक्त्यात गेलं. भाजी सणाच्या नैवेद्यातून औषधाच्या चमच्यात गेली. औषध म्हटल्यावर तोंड फिरवायचं, हे मुलांना कुणी शिकवावं लागत नाही.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा प्रश्नच वेगळा झाला. बाहेरून आणलेली लाल मिलो ज्वारी लोकांनी नाक मुरडत खाल्ली, आणि मुलांना सुकडी मिळाली, पिठाची, गुळाची, कोरडी. तिची चव त्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. भूक भागवायची असेल तेव्हा उष्मांक आणि प्रथिनं आधी मोजतात. भाजी-फळांची पाळी नंतर येते, पुष्कळदा येतच नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला शाळेतल्या पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळे, तोही ऐंशी टक्के हजेरी भरली तर. शाळेत शिजवूनच जेवण द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला २८ नोव्हेंबर २००१ ला. त्यानंतर खिचडी आली. नंतरच्या निकषांत पहिली ते पाचवीच्या मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ आणि पन्नास ग्रॅम भाजी ठरली. सहावी ते आठवीला भाजी पंचाहत्तर ग्रॅम.

पन्नास ग्रॅम म्हणजे किती? साठ मुलांच्या वर्गाला तीन किलो. खिचडी शिजवणारी ताई सकाळी दोन किलो बटाटे, एखादा कोबी, तीन-चार टोमॅटो घेऊन विळीवर बसते. बाजारात टोमॅटो महागला की तो पातेल्यातून पहिला गळतो, कारण भाजीचे पैसे ठरलेले आणि बाजारभाव हलते. मग पंगत बसते. मुलं खिचडीतला कोबी बोटाने बाजूला सारून ताटाच्या कडेला गोलाकार मांडतात, इतक्या टापटिपीने की चित्रकलेला गुण द्यावेत. यावर उपाय म्हणून शाळांच्या आवारात परसबागा आल्या. २०१९ मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. मेथी, पालक, दुधी, शेवगा शाळेतच लावायचा आणि तोच खिचडीत घालायचा. जिथे हे नीट चालतं तिथले शिक्षक एक गोष्ट हमखास सांगतात: ज्या पोराने मेथीला पाणी घातलंय ते पोर ती मेथी कडेला सारत नाही. मेथी त्याची असते. लुटीतलं बोर जसं लुटणाऱ्याचं असायचं, तसंच हे.

खुद्द बोराचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. १९९० मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना काढली. कोरडवाहू शेतकऱ्याला कलमं आणि खड्ड्यांची मजुरी सरकारने दिली, आणि सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यांत बोर, डाळिंब, सीताफळ, आवळा यांच्या बागा उभ्या राहिल्या. बोर बांधावरून बागेत आलं. राजस्थानातून आलेलं उमराण, मोठं, लांबट, पिवळंधमक. जळगावची मेहरूण बोरं नावाजलेली होतीच. अलीकडे तर ॲपल बोर, जवळजवळ लहान सफरचंदाएवढं, कुरकुरीत, पाणीदार, आंबटपणा जवळपास नाहीच. शेतकऱ्याला चार पैसे मिळाले, हे उत्तम झालं. बोरन्हाणाची मात्र पंचाईत झाली, कारण हे फळ बाळाच्या डोक्यावर ओतलं तर टेंगूळच यायचं. आणि ज्याला आंबट, तुरट, गोड हे तिन्ही एका घासात कळत नाहीत, ते फळ खिशात भरून पळण्याची ओढ कुणाला वाटणार? गार्सिया द ओर्ताच्या काळच्या पोर्तुगीजांनी बोराला सफरचंद म्हटलं होतं. साडेचारशे वर्षांनी बाजाराने ते शब्दशः खरं केलं.

डोक्यावरच्या वाटीत चॉकलेट आलं त्याबद्दल नाक मुरडायचं कारण नाही. शेंगदाणा अमेरिकेतून आला तसं कोकोही तिकडूनच आलं. शेंगदाणा आला तेव्हा त्याने बोराला हुसकावलं नाही, त्याच्या शेजारी बसला. चॉकलेटाचं तसं नाही. ते लुटीत असलं की पोरं दुसरं काही उचलत नाहीत. अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या मराठी घरांतही जानेवारीत बोरन्हाण होतं. तिथे बोर मिळणं मुश्किल, तेव्हा चॉकलेट घालणाऱ्यांना दोष देता येत नाही. पुण्या-मुंबईत ती सबब चालत नाही.

घरात यंदा बोरन्हाण असेल तर मंडईत चण्यामण्या बोरं मागून पाहा. पुढच्या पाट्यांत उमराण आणि ॲपल बोरंच रचलेली असतील. लहान बोरांचं पोतं मागे असतं, विचारल्याशिवाय ते कुणी पुढे काढत नाही. किलोभर घ्या, वाटीत फक्त तीच घाला, जोडीला उसाचे करवे आणि घाटे, आणि चॉकलेटं त्या दिवशी डब्यातच राहू द्या. पाच वर्षांखालच्यांच्या हातातलं बोर मोठ्या माणसाने बी काढून द्यावं. बाकीच्यांना काही सांगू नका.